सेलमधील नवी ओळ (स्प्रेडशीट)

स्प्रेडशीटच्या एकाच सेलमध्ये (तक्त्यातल्या एका घरात) दोन किंवा अधिक ओळींचा मजकूर लिहिण्याची पद्धत. पत्ता, शेरा, सामानाची यादी असा मजकूर एका नोंदीचाच भाग असतो, पण सलग लिहिला तर वाचवत नाही; तेव्हा ती लागते. मराठीत या विषयाचा एक जादा गोंधळ आहे. तक्त्यातली आडवी रांग हीही ‘ओळ’ आणि मजकुरातली एक ओळ हीही ‘ओळ’च. या नोंदीत पहिलीला ‘रांग’ म्हटले आहे.

अडचणीचे मूळ एंटर या कळीत आहे. वर्ड प्रोसेसरमध्ये एंटर दाबले की नवी ओळ सुरू होते. स्प्रेडशीटमध्ये एंटरचा अर्थ ‘या सेलचे काम झाले’ असा असतो आणि कर्सर खालच्या सेलवर उतरतो. म्हणून नवशिका पत्त्याची दुसरी ओळ बिनदिक्कत खालच्या रांगेत लिहितो. कागदावर छापले तर ते ठीकही दिसते. यादी आडनावांप्रमाणे लावली, की मात्र ‘सदाशिव पेठ’ एकीकडे आणि ‘पुणे ३०’ भलतीकडे जाते. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे मजकूर पुढच्या ओळीवर ढकलला जाईपर्यंत स्पेसबार दाबत राहणे. स्तंभाची रुंदी बदलेपर्यंत तो टिकतो.

खरी कळ प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळी आहे. विंडोजवरील एक्सेलमध्ये ऑल्ट धरून एंटर दाबतात, मॅकवर कंट्रोल-ऑप्शन-रिटर्न. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल-एंटर चालते, मात्र कर्सर सेलच्या आत असावा लागतो, म्हणून आधी डबल-क्लिक करायचे. गूगल शीट्समध्येही कंट्रोल-एंटर चालते. कॅल्कची सवय झालेला माणूस एक्सेलवर आला की फसतो. तिथे कंट्रोल-एंटर नवी ओळ देत नाही. बरेच सेल निवडलेले असतील, तर तोच मजकूर त्या सगळ्यांत भरून टाकते.

दुसरीकडून आणलेला अनेक ओळींचा मजकूर नुसत्या निवडलेल्या सेलवर पेस्ट केला, तर प्रत्येक ओळ स्वतंत्र रांगेत पडते. आधी एफ२ दाबून किंवा डबल-क्लिक करून सेलच्या आत शिरावे आणि मग पेस्ट करावे. उलट प्रवासात, म्हणजे असा सेल कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकल्यावर, मजकुराभोवती अवतरणचिन्हे उगवतात. ती कुणी टाइप केलेली नसतात. मधला ओळबदल रांगेचा शेवट समजला जाऊ नये म्हणून एक्सेल ती घालतो.

हा ओळबदल म्हणजे न दिसणारे एक अक्षरच असते. आस्की संकेतावलीत, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक १०. टेलिप्रिंटरच्या काळात छपाईचा गाडा डावीकडे नेणे (क्रमांक १३) आणि कागद एक ओळ वर सरकवणे (क्रमांक १०) या दोन वेगळ्या क्रिया होत्या. विंडोजच्या मजकूर फायली आजही दोन्ही खुणा बाळगतात. एक्सेलचा सेल फक्त १० ठेवतो. सूत्रातून ओळ तोडायची असेल, तर नाव आणि पत्त्याच्या मध्ये क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या ‘कॅर’ फंक्शनला १० देऊन जोडतात. अशा वेळी ‘रॅप टेक्स्ट’ (मजकूर सेलच्या आत ओळींत मोडून दाखवणारी सोय) स्वतः चालू करावे लागते, नाहीतर सगळे एकाच ओळीत दिसते. ऑल्ट-एंटर वापरल्यास एक्सेल ते आपणहून चालू करतो.

एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरे मावतात आणि ओळबदल जास्तीत जास्त २५३ चालतात. त्याआधीच रांगेची उंची आड येते. ती ४०९ पॉइंट, म्हणजे साधारण साडेचौदा सेंटिमीटरपलीकडे वाढत नाही. मर्ज केलेल्या (एकत्र जोडलेल्या) सेलमध्ये तर उंची आपोआप वाढतच नाही. उंची हाताने बांधून ठेवली असेल, तर देवनागरीत पहिल्या ओळीचे रफार आणि शेवटच्या ओळीचे उकार छाटले जाण्याची भीती असते.

माहिती सीएसव्ही फाइलमधून (स्तंभ स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमधून) दुसरीकडे पाठवताना खरी कसोटी लागते. अशा फाइलचे स्वरूप सांगणाऱ्या २००५ च्या ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजानुसार ओळबदल असलेला मजकूर दुहेरी अवतरणात असावा. पण फाइल ओळीओळीने वाचणारा एखादा साधा प्रोग्राम ते पाहत नाही आणि एका माणसाच्या दोन अर्धवट नोंदी करतो. त्यामुळे पुढे छाननी किंवा जुळणी करायची असलेल्या तक्त्यात गाव, तालुका, पिनकोड वेगळ्या स्तंभांत ठेवणेच शहाणपणाचे. सेलमधली नवी ओळ शेऱ्यांसाठी आणि छापायच्या तक्त्यांसाठी राखावी.

नको असलेले ओळबदल काढायला ‘क्लीन’ फंक्शन आहे, पण ते मध्ये जागा सोडत नाही आणि ‘सदाशिव पेठपुणे ३०’ असे काहीतरी हाती येते. ‘सब्स्टिट्यूट’ वापरून क्रमांक १० च्या जागी स्वल्पविराम किंवा स्पेस घालणे बरे. एक्सेलच्या शोधा-बदला चौकटीत हेच काम कंट्रोल-जे करते. जे हे इंग्रजी वर्णमालेतले दहावे अक्षर, म्हणून दहावी खूण. ते दाबल्यावर चौकट रिकामीच वाटते, आणि ती खूण तिथेच राहून गेली, तर नंतर शोधलेला कुठलाही शब्द सापडेनासा होतो.