मोझेलच्या चढावर रीसलिंग: लागवडीच्या परवान्यापासून बाटलीवरच्या क्रमांकापर्यंत

जर्मनीत मोझेल नदीकाठच्या उभ्या चढावर व्हाइट वाइनसाठी रीसलिंग जातीची द्राक्षं लावायची असतील, तर जमीन हातात आली म्हणून लगेच खड्डे घेऊ नका. आधी परवाना. विनापरवाना लावलेले वेल स्वतःच्या खर्चाने उपटावे लागतात.

नव्या लागवडीचा अर्ज बॉनच्या बीएलई या केंद्रीय कृषी-अन्न संस्थेकडे जातो. मुदत १ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर, निर्णय १ ऑगस्टपर्यंत. परवाना ३ वर्षं चालतो. मागितलेल्या क्षेत्राइतकी शेतजमीन तुमच्या ताब्यात हवी, मालकीची किंवा खंडाने घेतलेली. गावशीव, गट क्रमांक, क्षेत्रफळ हे जमिनीच्या नोंदीत आहे तसंच भरा.

अर्ज जास्त आले की उतार कामी येतो: ३० टक्के आणि त्यापुढच्या जमिनीला अग्रक्रम मिळतो. इथे फार जण टक्के आणि अंश यांची गल्लत करतात. आडवं १०० मीटर अंतर गेल्यावर जमीन ३० मीटर चढली, तर तो ३० टक्के उतार. अंशात जेमतेम १७. मोझेलकाठच्या ब्रेम गावचा काल्मोंट हा द्राक्षमळ्यांचा चढ तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत आहे, तिथे कुदळ मारतानासुद्धा पाय आधी रोवावा लागतो.

माझं मत विचाराल तर वेल उभे असलेला जुना मळाच घ्या. त्याला नव्या लागवडीचा परवाना लागत नाही. वेल उपटून तेवढ्याच क्षेत्रात पुन्हा लावायचे असतील, तर पुनर्लागवडीचा अर्ज राज्य पातळीवर होतो. ओस पडलेला मळा स्वस्तात मिळत असेल, तर वेल नेमके कधी उपटले ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या. उपटलेल्या वेलांच्या बदल्यात पुन्हा लावायचा हक्क कायमचा राहत नाही.

वाइन तयार झाली की दुसरा अर्ज. लेबलवर ‘क्वालिटेट्सवाइन’ (दर्जेदार वाइन) लिहायचं तर सरकारी चाचणी क्रमांक हवा. अर्जासोबत भरलेल्या बाटल्यांचे नमुने आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडायचा. त्यात अल्कोहोल, उरलेली साखर, आम्लता आणि सल्फर डायऑक्साइड येतात. मग परीक्षक वास, चव आणि एकंदर मेळ यांना ५ पैकी गुण देतात; किमान १.५ लागतात. क्रमांकातले शेवटचे दोन अंक चाचणीच्या वर्षाचे असतात, तोडणीच्या नव्हे. लेबल छापायला देण्याआधी हे दोन अंक मंजुरीच्या कागदाशी ताडून बघा.