फिकट व पारदर्शक त्वचा

कातडीचा रंग उतरणे आणि कातडीखालच्या शिरा आरपार दिसणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांची कारणेही बहुधा निराळी असतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य किंवा रक्तातले हिमोग्लोबिन घटले की त्वचा फिकी पडते. आतला कोलॅजनचा, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा थर विरळ झाला की ती पातळ होऊन निळसर शिरा वर उमटतात. गोऱ्या माणसाच्या मनगटावर शिरा दिसणे किंवा उतारवयात हाताच्या पाठीवरची कातडी कागदासारखी होणे हा आजार नव्हे.

मुंबईत सावळ्या-गव्हाळ वर्णाचे लोक जास्त, त्यामुळे रक्तक्षय चेहऱ्यावर चटकन कळत नाही. म्हणून डॉक्टर खालची पापणी ओढून आतला भाग पाहतात. शिवाय जीभ, नखे, तळहात. पापणीची आतली बाजू लालसर न दिसता पांढुरकी दिसली की हिमोग्लोबिन तपासायला सांगतात. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. ‘रंग उजळला’ म्हणून जिचे कौतुक होते ती मुलगी रेल्वेचा पूल चढताना धापा टाकत असेल, तर आधी तिचे रक्त तपासावे.

पातळ त्वचेचे टाळता येण्याजोगे मोठे कारण म्हणजे स्टेरॉइडयुक्त मलमे. दमट हवेत, पावसाळ्यात अंगावरच वाळलेल्या कपड्यांमुळे जांघेत गजकर्ण होते. मेडिकलवाला एक ट्यूब देतो; तिच्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइडही असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि जांघेत कायमचे चट्टे उमटतात. गोरेपणासाठी अशीच मलमे महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली जातात. मग गाल तकतकीत, पातळ होतात, त्यांवर लाल रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे दिसते, मुरुमे व लव येते. मलम थांबवताच आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती सहज मिळतात. सवय सोडवण्याचे काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

जन्मजात कारणे विरळ. अल्बिनिझममध्ये मेलॅनिन जवळजवळ तयारच होत नाही. केस पांढुरके, डोळ्यांना उजेड सोसत नाही, बुबुळे हलत राहतात. एहलर्स-डॅनलॉस विकाराच्या रक्तवाहिनी-प्रकारात तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन सदोष असते. छातीवरच्या शिरा स्पष्ट दिसतात, पण खरा धोका धमनी किंवा आतडे फाटण्याचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचाही आरपार दिसते. ती दिवसागणिक जाड होते.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श कळतो. फिक्या चट्ट्यावर स्पर्श किंवा ऊन-गार कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याचे औषध सरकारी व पालिका दवाखान्यांत मोफत मिळते. एकच हात किंवा पाय अचानक पांढरा, थंड पडून दुखू लागला तर रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.