पोकळ क्रियापदाची ऐट

शब्दकोशात ‘जिनशिंग’ या चिनी क्रियापदापुढे ‘करणे, पार पाडणे’ असा अर्थ दिसला की मराठी विद्यार्थ्याला हायसं वाटतं. आपलं अर्धं आयुष्य ‘करणे’वर चालतं. आपण विचार करतो, फोन करतो, स्वयंपाक करतो. मग लावा ‘जिनशिंग’ सगळीकडे! पण फोनला ‘जिनशिंग’ लावलं की समोरचा चिनी माणूस गालात हसतो. फोनसाठी तिथे ‘दा’ लागतो, म्हणजे मारणे (आपणही ‘एक फोन मार’ म्हणतोच की). स्वयंपाकाला ‘च्वो’ लागतो, त्यातला च ‘चाका’तला, ‘चहा’तला नव्हे. ‘जिनशिंग’ मात्र इस्त्रीचे कपडे घालून वावरणारं क्रियापद आहे. त्याची जागा अहवालात, बातमीत, बैठकीच्या इतिवृत्तात.

‘जिन’ म्हणजे पुढे सरकणे, ‘शिंग’ म्हणजे चालणे. लष्करी संचलनाच्या धुनेला ‘जिनशिंगछ्यू’ म्हणतात आणि चीनच्या राष्ट्रगीताच्या नावातही हा शब्द आहे. सामना चालू आहे, हे सांगतानाही तो येतो. पण ‘चर्चा करणे’ या अर्थी ‘जिनशिंग थाओलुन’ म्हटलं की चालण्याबिलण्याचा मागमूस उरत नाही. सगळा अर्थ ‘थाओलुन’मध्ये, म्हणजे चर्चेत असतो. जू दशी या व्याकरणकारांनी १९८५ साली अशा क्रियापदांवर लेख लिहिला आणि त्यांना ‘पोकळ झालेली क्रियापदं’ म्हटलं.

गंमत अशी, की आतून पोकळ असूनही हे क्रियापद शेजारी मात्र पारखून घेतं. ‘छा’ म्हणजे तपासणे आणि ‘द्याओछा’ म्हणजेही तपास करणे. तरी ‘जिनशिंग द्याओछा’ बरोबर आणि ‘जिनशिंग छा’ साफ चूक. अर्थाचं इथे काही अडत नाही, अडतं ते वजनाचं. ‘जिनशिंग’ दोन अक्षरांचं (‘जिन’ आणि ‘शिंग’; इथे अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा), म्हणून त्याच्यापुढचं क्रियापदही एकाक्षरी चालत नाही. चिनीत एका लिपिचिन्हाचा सहसा असा एकच तुकडा होतो, त्यामुळे मोजायला कष्ट नाहीत. एकाक्षरी आणि द्व्यक्षरी शब्दांच्या या जोड्यांचा प्रश्न ल्यू शूश्यांग यांनी १९६३ मध्येच मांडला होता. मराठीत आपण ‘करणे’च्या आधीचा शब्द असा तोलून पाहत नाही. म्हणून ही चूक आपल्या कानाला खटकत नाही. ती डोक्याने पकडावी लागते.

बरं, दोन अक्षरं झाली म्हणजे काम झालं असंही नाही. जेवणे म्हणजे ‘छ्रफान’, विसरणे म्हणजे ‘वांगजी’. दोन्ही द्व्यक्षरी आणि दोन्ही इथे अपात्र. जेवण फारच घरगुती, आणि विसरणं कोणी ठरवून, वेळ काढून पार पाडत नाही.

सर्वात जास्त चुका मात्र कर्माच्या जागेवरून होतात. ‘जिनशिंग थाओलुन’ म्हणून झाल्यावर प्रश्नाला, म्हणजे ‘वन्थी’ला, शेवटी चिकटवता येत नाही. त्याला ‘द्वे’ या शब्दाबरोबर पुढे आणावं लागतं: ‘द्वे वन्थी जिनशिंग थाओलुन’. इथे मराठी कान उपयोगी पडतो. आपणही ‘प्रश्न चर्चा करणे’ म्हणत नाही, ‘प्रश्नावर चर्चा करणे’ म्हणतो, आणि प्रश्न आधीच येतो. ‘वर’चं काम करणारा ‘द्वे’ तेवढा नामाच्या आधी न्यायचा आणि ‘चर्चा करणे’ उलटं करून ‘करणे चर्चा’ ठेवायचं.

खुद्द चिनी लेखकांनाही या क्रियापदाचा सोस खुपतो. कवी युई ग्वांगजुंग यांनी १९८७ साली इंग्रजी वळणाच्या चिनीवर टीका करताना ‘जिनशिंग’ला कुठेही चालणाऱ्या क्रियापदांत बसवलं होतं. साध्या क्रियापदाने भागत असताना पोकळ क्रियापद कशाला, हा त्यांचा आक्षेप. तो मला पटतो, पण अर्धाच. घरी ‘थान-ई-थान’, जरा बोलू या, एवढं पुरतं. न्यायालयाच्या निकालात तेच लिहिलं तर शोभणार नाही.

गेल्या काही वर्षांत चिनी तरुणांनी इंटरनेटवर याची थट्टाच मांडली आहे. जेवायला बसताना ते लिहितात, ‘जिनशिंग ई ग फान द छ्र’. यात एकाक्षरी ‘छ्र’ मुद्दाम ‘जिनशिंग’च्या गळ्यात मारलेला आहे, म्हणजे नियम जाणूनबुजून मोडलेला आहे. शब्दशः पाहिलं तर ‘एका जेवणाचं खाणं पार पाडणे’. पण तो तोरा मराठीत आणायचा तर सरकारी पत्राचीच भाषा हवी: ‘भोजनाचे भक्षण करण्यात येत आहे.’