कपाटातला लॅपटॉप चालू होत नाही? चार्जर लावण्याआधी हे वाचा

दोन-तीन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप मुलांच्या अभ्यासासाठी बाहेर निघतो आणि बटण दाबलं तरी ढिम्म. पावसाळा संपला की असे लॅपटॉप आमच्याकडे दुरुस्तीला हमखास येतात. लगेच भंगारात काढू नका.

आधी तो सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय? टचपॅड वर आलाय? म्हणजे बॅटरी फुगली आहे. चार्जर लावू नका, दाबून बसवू नका, तसाच घेऊन या. फुगलेली बॅटरी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

फुगलेली नसेल आणि निघणारी असेल तर बॅटरी काढा, चार्जरही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करून पाहा. चालू झाला तर दोष बहुधा बॅटरीचा. लिथियम बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. बॅटरीतला सेल साधारण २.५ व्होल्टच्या खाली गेला की आतलं सर्किट त्याची जोडणी तोडतं, म्हणून ती चार्जच होत नाही. बाहेरून करंट देऊन अशी बॅटरी 'उठवायचे' व्हिडिओ पाहिले असतील. आम्ही ते करत नाही. इतक्या उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, आणि मग आग.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? दमट हवेत रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीवर थर चढतो. ती काढून, साफ करून परत बसवली की पुष्कळदा काम होतं. एकदा तर चार्जरच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं निघालं. मालक नवा मदरबोर्ड घ्यायला निघाले होते!

चालू झाला पण तारीख भलतीच दाखवतो आणि वेबसाइट 'असुरक्षित' म्हणतात? आतलं घड्याळ चालू ठेवणारा बटणसेल (बहुधा सीआर २०३२) संपलाय. काम किरकोळ.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. फोटो, कागदपत्रं हवी असतील तर आधी तेवढं सांगा; लॅपटॉपचं नंतर बघू.

येताना मूळ चार्जर आणा. दुसऱ्याची पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळतंच असं नाही.