सीडीच्या तुकड्यात दिसणारा अणू

डाल्टन यांचा अणू अविभाज्य होता. 1897 साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि त्या कल्पनेचा निकाल लागला. थॉमसन यांच्या अणूत धनप्रभार सगळीकडे पसरलेला आणि इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले. मग मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या चमका सूक्ष्मदर्शकातून मोजू लागले. 0.0004 मिमी जाडीच्या सोन्याच्या वर्खावर सोडलेल्या 20,000 अल्फा कणांत (हे धनप्रभारित, जड कण) साधारण एक 90 अंशांनी वळलेला निघाला. पसरलेल्या प्रभाराच्या अंगात एवढा जोर नसतो. 1911 मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्रक मांडलं ते यावरून.

पण हा अणू टिकायलाच नको होता. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या रूपात ऊर्जा गमावतो. हिशेब केला तर सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास तो केंद्रकात कोसळतो. कोसळताना सलग रंगपट्टा मिळायला हवा, आणि हायड्रोजन तर मोजक्या रेषाच देतो. 1913 मध्ये नील्स बोर यांनी ठरावीक ऊर्जापातळ्या गृहीत धरल्या: 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचं. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीतून खाली उतरला की फरकाएवढ्या ऊर्जेचा प्रकाश निघतो. दुसरी पातळी 3.40, तिसरी 1.51, फरक 1.89 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे 656 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. हायड्रोजनची लाल रेषा नेमकी तिथेच असते. पातळ्या ठरावीकच का, हे बोर यांनाही सांगता येत नव्हतं.

रेषा घरी पाहता येतात. बुटांच्या खोक्याला आतून काळा कागद लावा. एका टोकाला दोन ब्लेडच्या पात्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा साधारण 60 अंशांत तिरका चिकटवा आणि वरच्या बाजूला डोळ्यासाठी भोक पाडा. प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या सीडीच्या खाचा फटीला समांतर हव्यात, नाहीतर पट्टा वाकडा दिसतो. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात. सूर्याकडे खोका कधीच रोखू नका.

सीएफएलमध्ये पाऱ्याच्या हिरव्या-निळ्या रेषा ठळक येतात, एलईडीत सलग पट्टा. मुंबईतल्या एखाद्या गोदामाच्या आवारात जुना, जास्त दाबाचा पिवळा सोडियम दिवा सापडला, तर 589 नॅनोमीटरपाशी, म्हणजे जिथे पिवळा सर्वात प्रखर असावा असं वाटतं तिथेच, काळी पट्टी दिसेल. दिव्यातली कडेची, तुलनेने थंड सोडियमची वाफ तो रंग गिळते.

प्रयोगशाळेतल्या कमी दाबाच्या सोडियम दिव्यात तिथे 589.0 आणि 589.6 अशा दोन रेषा असतात. खोक्यातून त्या वेगळ्या होत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीला सुमारे 3 नॅनोमीटरहून बारीक फरक झेपत नाही. बोर यांच्या प्रतिमानाला तर या जोडीचं कारणच देता येत नव्हतं. त्यासाठी 1925 मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांना इलेक्ट्रॉनला स्पिन, म्हणजे स्वतःचा अंगभूत कोनीय संवेग, द्यावा लागला. पुढच्याच वर्षी श्रोडिंगर यांच्या समीकरणाने कक्षा मोडीत काढल्या. हायड्रोजनच्या पातळ्या मात्र त्यातूनही बोर यांच्याच आकड्यांच्या निघाल्या.