बाड व्योरिसहोफेनमध्ये राहायला आलात? पत्त्याची नोंदणी अशी करा

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं हे गाव धर्मगुरू सेबास्टियान क्नाइप यांच्या पाण्याच्या उपचारांमुळे नावारूपाला आलं. इथे नोकरीसाठी येणाऱ्यांनी सर्वांत आधी उरकायचं काम म्हणजे ‘आनमेल्डुंग’, पत्त्याची नोंदणी. नागरिकत्व कोणतंही असो, इथे घर करून राहणाऱ्या प्रत्येकाला ती बंधनकारक आहे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांची मुदत मिळते. ती चुकली तर १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आगाऊ नोंदणी होत नाही.

नोंदणी नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणी कक्षात होते, फी नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि भरलेला अर्ज न्या. कुटुंब सोबत असेल तर लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, जर्मन भाषांतरासह, हाताशी असू द्या.

गाडी अडते ती ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ या कागदावर, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याच्या घर देणाऱ्याच्या दाखल्यावर. घर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता (तो मालक नसेल तर मालकाचंही नाव), घराचा पत्ता, तुम्ही राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं, एवढाच मजकूर. खाली घर देणाऱ्याची सही. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, तो कितीही पानांचा असला तरी. घरमालकाने हा कागद देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. रुग्णालयाच्या वसतिगृहात राहत असाल तर तो रुग्णालयाकडून घ्या. पोटभाडेकरूला तो मूळ भाडेकरू देतो.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्च करासाठी आहे. बव्हेरियात हा कर आयकराच्या ८ टक्के असतो, पण तो चर्चच्या सदस्यांनाच लागतो. ख्रिस्ती वाचकांनी इथे विचार करून लिहावं. बाकीच्यांना त्याचा भुर्दंड नाही.

नोंदणीचा दाखला सांभाळून ठेवा, बँकेत लागेल. कर ओळख क्रमांक नंतर टपालाने घरी येतो, म्हणून पत्रपेटीवर आपलं नाव लावलेलं हवं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

निवास परवाना मात्र नगरपालिका देत नाही. तो विषय उंटरआलगॉय जिल्हा प्रशासनाचा, आणि त्यांचं कार्यालय मिंडेलहाइमला आहे. नवखे लोक हमखास इथेच घोटाळतात.

आई-बाबा भारतातून तीन महिन्यांपर्यंत राहायला आले तर त्यांच्या नोंदणीची गरज नाही. पाहुण्यांना लागणारा ‘कूरबाइट्राग’ हा कर वेगळा; इथे मुख्य घर असलेल्यांना तो भरावा लागत नाही. घरी उतरलेल्या नातेवाइकांना तो लागतो का, हे नगरपालिकेच्या नियमावर ठरतं. तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.