रूपविकारी ताऱ्यांची राखण : हौशी निरीक्षक आणि वेधशाळा यांच्या सहकार्याची पार्श्वभूमी

मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ रात्रींच्या हिशेबाने वाटला जातो. एखाद्या खगोलशास्त्रज्ञाच्या वाट्याला वर्षातून मोजक्याच रात्री येतात. तारे मात्र या वेळापत्रकाला जुमानत नाहीत. तिमिंगल तारकासमूहातला मीरा एका आवर्तनाला सुमारे ३३२ दिवस घेतो. हंसातला एसएस सिग्नी कोणत्या रात्री भडकेल हे आधी सांगता येत नाही. उत्तर मुकुटातला आर तारा वर्षानुवर्षे सहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद) आसपास मुकाट राहतो आणि मग काही आठवड्यांत तेराव्या-चौदाव्या प्रतीपर्यंत काळवंडतो. तेज बदलणाऱ्या अशा शेकडो रूपविकारी ताऱ्यांवर रोज नजर ठेवणे पगारी माणसांच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून हौशी निरीक्षकांची गरज पडली. पण डोळे पुष्कळ असून भागत नाही. एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशेजारी मांडता आली पाहिजे. या सहकार्याचा इतिहास बराचसा या एकाच अडचणीचा इतिहास आहे.

सुरुवात तर हौशी लोकांनीच केली. मीराची पहिली नोंद १५९६ची, डेव्हिड फॅब्रिशियस या पाद्र्याची. तारा दिसेनासा झाला तेव्हा त्याने तो नवतारा समजून विषय सोडून दिला. तो ठरावीक काळाने परत येतो हे १६३८ नंतर योहानेस होलवार्दाच्या निरीक्षणांतून कळले. इंग्लंडमधल्या यॉर्क येथे जॉन गुडरिक आणि त्याचा शेजारी एडवर्ड पिगॉट यांनी १७८२ पासून ययातीतल्या अल्गॉलवर पाळत ठेवली. गुडरिकला ऐकू येत नव्हते आणि तेव्हा तो विशीच्याही आतला होता. अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो हे त्याने दाखवले आणि एखादा काळोखा गोल ताऱ्यासमोरून जात असावा असा तर्कही केला. १७८४ मध्ये पिगॉटला गरुडातला ईटा आणि गुडरिकला वृषपर्वातला डेल्टा सापडला. पुढे विश्वाची अंतरे ज्यांच्या आधारे मोजली गेली ते सेफीड तारे हेच. गुडरिक १७८६ मध्ये वारला, एकविसाव्या वर्षी.

या दोघांना पद्धतीचा प्रश्न फारसा पडला नाही, कारण निरीक्षक दोनच होते. तो सोडवायला घेतला बॉनच्या फ्रीडरिश आर्गेलांडरने. १८४४ मध्ये त्याने खगोलप्रेमींना जाहीर आवाहन केले आणि सोबत कृतीही सांगितली. बदलणारा तारा आणि जवळचा एक स्थिर तारा आळीपाळीने पाहायचा. दोन्ही सारखे वाटले तर शून्य पायरी, बारकाईने पाहिल्यावर कुठे किंचित फरक जाणवला तर एक पायरी, पटकन जाणवला तर दोन. पायरी साधारण ०.१ प्रतीची. यातली खोच अशी की माझी पायरी ०.०८ ची आणि तुमची ०.१४ ची असू शकते. एकाच माणसाच्या वहीत हे खपून जाते, पण दहा जणांच्या नोंदी एका आलेखावर मांडल्या की आलेख विस्कटतो.

त्यासाठी तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती आधी ठरायला हव्या होत्या, आणि त्याहीआधी प्रत म्हणजे किती हे. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सनने पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत बरोबर १०० पट असा नियम सुचवला. म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. (हाच पॉग्सन पुढे तीस वर्षे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता.) हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंगने प्रकाशमापकाने हजारो ताऱ्यांच्या प्रती मोजल्या, आणि १८८२ मध्ये रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे मिळवण्याची योजना छापून हौशींना, त्यातही स्त्रियांना, हाक दिली.

त्यातून रुळलेली पद्धत आजही डोळ्याने पाहणारे वापरतात. बदलत्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडायचे. समजा त्यांच्या प्रती ७.८ आणि ८.४ आहेत, आणि आपला तारा तेजस्वीकडून मंदाकडे एक तृतीयांश अंतरावर वाटतो; तर अंदाज ८.०. नकाशावर हे आकडे ७८ आणि ८४ असे छापतात, दशांश चिन्हाशिवाय, कारण नकाशावरचा टिंब तारा समजला जाऊ शकतो. दोन तुलना ताऱ्यांत अर्ध्या प्रतीच्या आसपास फरक असला तर बरे. दीड प्रतीचा फरक डोळ्याला नीट विभागता येत नाही.

सरावलेल्या डोळ्याला ०.१ ते ०.२ प्रतीची अचूकता जमते. ती बिघडते कशाने, याची यादी शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती आणि तीत फारशी भर पडलेली नाही. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो उगाच उजळत जातो, त्यामुळे त्याच्याकडे फक्त ओझरते पाहायचे. मीरासारखे तारे लालच असल्याने दोन अनुभवी निरीक्षकांतही अर्ध्या प्रतीचा फरक पडतो. एकावर एक असलेल्या दोन ताऱ्यांपैकी खालच्याला आणि वरच्याला डोळा सारखे मोजत नाही. डोके असे कलवायचे की दोन्ही तारे डोळ्यांच्या रेषेला समांतर येतील. तारा क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल आणि तुलना तारा वर, तर मधली हवा एकाचा प्रकाश जास्त खाते. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि नकाशा पाहायला मंद लाल दिवाच हवा. सगळ्यात घातक चूक मात्र डोळ्याची नसते. कालचा आकडा किंवा भाकीत आठवत पाहिले की तारा हमखास तेवढाच दिसतो. म्हणून जाणते लोक मागचे पान उघडतच नाहीत.

नोंदी गोळा करायला संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा रूपविकारी तारे विभाग १८९० चा. अमेरिकेत विल्यम टायलर ऑलकॉट या वकिलाने पिकरिंगच्या पाठबळावर १९११ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, म्हणजेच आवसो, स्थापन केली. वेळेचा घोळही तेव्हाच मिटवावा लागला. नोंदी ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या एका सलग मोजणीत, द्यायच्या ठरल्या. हा दिनांक ग्रीनिचच्या मध्यान्हीला बदलतो, त्यामुळे युरोप-अमेरिकेतली एक रात्र दोन तारखांत तुटत नाही. १ जानेवारी २००० च्या मध्यान्हीचा आकडा २४५१५४५. नवशिक्यांच्या नोंदींत आजही हमखास सापडणारी चूक हीच : स्थानिक वेळ जागतिक वेळेत न बदलणे. मीराला काही तासांनी फरक पडत नाही, अल्गॉलची नोंद मात्र निकामी होते, कारण त्याचे सगळे ग्रहणच दहा तासांत उरकते. जलद ताऱ्यांसाठी आणखी एक दुरुस्ती लागते. पृथ्वी कक्षेत ताऱ्याच्या बाजूला आहे की पलीकडे, यावर प्रकाश ८.३ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो. म्हणून वेळ सूर्यावरून पाहिल्यासारखी मांडतात.

जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी १९१८ च्या जूनमध्ये गरुडातला नवतारा पाहिला आणि हार्वर्डला कळवले. आवसोने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. त्यांच्या नोंदी ३७ हजारांच्या पुढे गेल्या. तीच दुर्बीण नंतर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आली आणि पुढे तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. न्यूझीलंडच्या अल्बर्ट जोन्स यांच्या नोंदी तर पाच लाखांवर गेल्या. एकाच डोळ्याने, त्याच पद्धतीने काढलेल्या इतक्या लांब मालिकेची किंमत वेगळीच असते : त्या निरीक्षकाची ठरलेली चूक एकदा कळली की सगळ्या आकड्यांतून वजा करता येते.

उपग्रह आले तेव्हा या लोकांची गरज संपेल असे वाटू शकले असते. झाले उलटेच. एसएस सिग्नी हे श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) आणि त्याच्याभोवती फिरणारा साधा तारा यांचे जोडपे. साध्या ताऱ्याचे द्रव्य श्वेतबटूभोवती तबकडीसारखे साचत जाते आणि ती अस्थिर झाली की उद्रेक होतो. तारा बाराव्या प्रतीवरून आठवीच्या आसपास येतो, सुमारे ४० पट तेजस्वी. सरासरी सात आठवड्यांनी, पण नेमका कधी ते कोणी सांगू शकत नाही. १८९६ मध्ये हार्वर्डच्या लुइसा वेल्सने तो शोधल्यापासून त्याचे उद्रेक जवळजवळ अखंड नोंदले गेले आहेत. १९७७ मध्ये सोडलेल्या हिओ-१ या क्ष-किरण उपग्रहासाठी उद्रेकाची वर्दी हौशी निरीक्षकांकडून येत असे. हबल या अवकाश दुर्बिणीच्या बाबतीत काम उलट्या दिशेचे होते. तिचे अतिनील शोधक अति प्रकाशाने बिघडू शकतात, त्यामुळे अशा ताऱ्याकडे वळण्याआधी तो शांत आहे ना, याची खात्री हौशी निरीक्षक करून देतात.

याच ताऱ्याने एक मोठे कोडे घातले. १९९९ मध्ये हबलने त्याचे अंतर ५०० प्रकाशवर्षांहून जास्त काढले. तेवढ्या अंतरावर तो मुळात इतका तेजस्वी ठरतो की तबकडी सतत तापलेली राहायला हवी आणि उद्रेक होताच कामा नयेत. एक तर सिद्धांत चूक, नाही तर अंतर. रेडिओ दुर्बिणींनी अंतर नव्याने मोजता आले असते, पण एसएस सिग्नी रेडिओत दिसतो तो उद्रेकातच. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी उद्रेक सुरू होताच कळवायचे आणि मग अमेरिका व युरोपातल्या रेडिओ दुर्बिणींनी वळायचे, अशी व्यवस्था झाली. २०१३ मध्ये उत्तर आले : सुमारे ३७० प्रकाशवर्षे. सिद्धांत वाचला, आणि ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मापनानेही पुढे तेच अंतर उचलून धरले.

२०१० मध्ये देवयानी दीर्घिकेतला व्ही-१ हा सेफीड हबलने टिपायचा होता. एडविन हबलने १९२३ मध्ये शोधलेला हाच तो तारा. तो कधी उजळेल आणि कधी मंदावेल हे माहीत नसताना महागडा वेळ खर्चायचा कसा? आवसोच्या सदस्यांनी सहा महिने त्याची छायाचित्रे घेऊन ३१.४ दिवसांचे आवर्तन नव्याने बसवून दिले.

एव्हाना डोळ्याची जागा बऱ्याच अंशी सीसीडीने, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपने, घेतली होती. अचूकता ०.०१ प्रतीपर्यंत गेली आणि जुनीच अडचण नव्या वेषात परत आली. फिल्टर नसलेला सीसीडी लाल प्रकाश जास्त टिपतो, त्यामुळे मीरासारखा तारा तो एखाद-दोन प्रतींनी तेजस्वी सांगतो. म्हणून डोळ्याला दिसतो तसाच, हिरवा-पिवळा प्रकाश आत सोडणारा प्रमाणित व्ही फिल्टर, आणि तोही प्रत्येकाचा थोडा वेगळा असल्याने एम ६७ सारख्या मोजून ठेवलेल्या तारकागुच्छावर आपल्या यंत्रणेचे दुरुस्तीचे गुणांक काढायचे. १६ बिटांच्या सेन्सरवर ताऱ्याचा मोजांक ६५,५३५ ला टेकला की मापन गेलेच, पण प्रमाणबद्धता त्याआधीच सुटायला लागते. काचेवरच्या धुळीची वर्तुळे एकसारख्या उजेडात घेतलेल्या छायाचित्राने भागून काढली नाहीत तर काही शतांश प्रतींची चूक तिथेच बसते. साध्या डीएसएलआरनेही काम होते : रॉ स्वरूपात टिपायचे, फोकस मुद्दाम थोडा बिघडवून ताऱ्याचा ठिपका दहाएक पिक्सेलवर पसरवायचा, हिरव्या वाहिनीचे आकडे घ्यायचे आणि दहा-वीस छायाचित्रांची सरासरी काढायची. शिवाय एक तपासणी तारा, जो बदलत नाही हे माहीत आहे. तो हलला तर रात्र टाकून द्यायची.

आता स्वयंचलित सर्वेक्षणे रोज सगळे आकाश झाडून काढतात, पण त्यांना तेजस्वी तारे झेपत नाहीत. मोठ्या आरशांचे कॅमेरे सोळाव्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांची प्रतिमा जाळून टाकतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी १.६ प्रतीपर्यंत मंदावला, तेव्हा दिवसागणिक आलेखात हौशींचा वाटा मोठा होता. त्याला शेजारी तुलना ताराच नाही. रोहिणी, प्रश्वा आणि पुनर्वसूतला पोलक्स असे दूरदूरचे तारे घेऊन हवेच्या शोषणाचा हिशेब करावा लागतो.

आणि न दिसलेल्याचीही नोंद असते. तारा सापडला नाही तर त्या रात्री दिसलेल्या सर्वांत मंद तुलना ताऱ्याचा आकडा देऊन 'यापेक्षा मंद' असे लिहितात. १२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅमला उत्तर मुकुटात दुसऱ्या प्रतीचा एक नवाच तारा दिसला, टी कोरोना बोरिॲलिस. त्याच संध्याकाळी काही तास आधी अथेन्समध्ये युलियस श्मिट आकाशाचा तोच भाग पाहत होता, आणि त्याला तिथे वेगळे काही आढळले नव्हते. हा तारा काही तासांतच उसळतो हे कळले ते श्मिटच्या त्या रिकाम्या नोंदीमुळे.